आपा, तुमचा तो लेख अजूनही खोटाच आहे

आपा,

तुम्ही गेल्याचा निरोप तुमच्याच फोनवरून आला. शनिवार होता, दोन वाजायला आले होते. भांडी आवरून मी मागच्या दारात भिंतीला टेकून बसले होते, कारण शनिवारी दोन वाजता तुम्ही आम्हा बायकांचं लिहिलेलं ग्रुपवर टाकायचात. एकेक करून, कुणाचं नाव न लावता, सगळं तुमच्या एकटीच्या नंबरवरून. फोन वाजला. वर तुमचं नाव होतं आणि खाली दोन ओळी. 'माझी आई आज सकाळी गेली. संध्याकाळी असरच्या नमाजनंतर दफन आहे.'

मी ते कुणाचं तरी लिखाण म्हणून वाचलं.

मी एकटीच नाही. खाली उत्तरं यायला लागली, तुमच्या नियमाप्रमाणे. कुणी लिहिलं, 'खरं. एकही शब्द जास्त नाही.' कुणी लिहिलं, 'खरं वाटतं, पण आई कोण ते कळत नाही. पुढं येईल का?' मी लिहिलं, 'खरं आहे. हिला अजून रडायला वेळ मिळालेला नाही.' हे सगळं तुमच्या मुलीनं, नाझनीननं, तुमच्याशेजारी बसून तुमच्या फोनवर वाचलं. थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. 'मी नाझनीन. ही कथा नाही. तुमची आपा गेली.'

मग ग्रुपवर जे जे तुम्ही बंद केलं होतं ते सगळं आलं. जोडलेले हात, फुलं, पणत्या, भावपूर्ण श्रद्धांजली. एका तासात एवढं आलं की नाझनीनचं ते वाक्य वर कुठंतरी दडपून गेलं.

मेलेल्या माणसावर रागावू नये असं आमच्याकडे म्हणतात. तुमच्याकडेही म्हणत असतील. पण मी रागावलेय, आणि हे फोनवर नाही, वहीत लिहितेय, म्हणजे कुणी हात जोडून खाली फूल ठेवायला नको.

आपली ओळख कशी झाली ते आठवा. माझी पल्लवी चौथीत तुमच्या वर्गात होती, म्हणजे मी जिथं शाळा सोडली तिथं. दोन दिवस पोरगी शाळेत आली नाही म्हणून तुम्ही चिठ्ठी मागितलीत. तिचे बाबा म्हणाले, ताप होता असं लिही. मी पेन घेतलं, पण हातून ताप लिहवेना. मग लिहिलं, 'पल्लवीला ताप नव्हता. भावकीत भिंतीवरून भांडण लागलं होतं आणि तिला ते अर्धवट सोडून शाळेत यायचं नव्हतं. मलाही तिला पाठवावंसं वाटलं नाही, कारण कोण काय बोललं ते नंतर मला तीच सांगते.'

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शाळेत बोलावलंत. मी पदर तोंडाशी धरून दारात उभी.

"चिठ्ठी तुम्ही लिहिलीत?"

"चुकलं काय, बाई?"

"चुकलं नाही. मी ती ठेवून घेणार आहे. चालेल ना?"

मला वाटलं, हेडबाईंना दाखवायला ठेवली. चार दिवस झोप नव्हती.

आणि मग इतक्या वर्षांनी, पल्लवी नोकरीला लागली, तुम्ही रिटायर झालात, तेव्हा एकदम फोन. तोपर्यंत तुम्हाला सगळे आपाच म्हणायला लागले होते. "हिरा, मिटलं का गं ते भिंतीचं भांडण?"

"मिटलं. दुसरं लागलंय."

"मग लिही की ते."

मी म्हटलं, "मी चौथी पास हाय, बाई." त्यावर तुम्ही म्हणालात, "मी तीस वर्षं चौथीलाच शिकवलं. चौथीला किती येतं ते मला विचार."

'दुपारच्या बायका' असं ग्रुपचं नाव तुम्ही ठेवलंत, कारण बाईला स्वतःची अशी दुपारच असते. सुरुवातीला आम्ही नऊ होतो, नंतर साठ झालो. जुईनगर, नेरूळ, पनवेल, आणि एक द्रोणागिरीची, जिचा नवरा गोदामातून आला की आधी तिचा फोन बघायचा. तिच्यामुळे नावं न लावायचा नियम झाला. लिहिलेलं फक्त तुम्हाला पाठवायचं आणि आपल्या फोनवरून पुसून टाकायचं. कुणी काय लिहिलंय हे एका तुम्हाला माहीत. ज्यांना टाइप करता येत नव्हतं त्या बोलून पाठवायच्या आणि तुम्ही ते लिहून काढायचात. माझं वर्षभर तुम्ही लिहिलंत. एक दिवस म्हणालात, "आता बोट चालव." पहिलं पान मला तीन दुपारी पुरलं. ते पाठवलं तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती. त्याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. आत्ता मानते. पण राग तेवढ्यानं जात नाही.

तुमचा नियम एकच होता. आधी खरं कुठं ते सांगायचं, मग खोटं कुठं. छान नाही, अप्रतिम नाही, टाळ्या नाहीत.

मी समोरासमोर कुणाशी बोलत नाही. एकदा तुमच्या घरी आपण सगळ्या जमलो होतो, तेव्हा मी सगळा वेळ कपबश्या विसळत उभी होते. तुम्ही हाताला धरून बाहेर आणलंत, "हिरा, तुला कपबश्यांसाठी बोलावलेलं नाही." तरी मी तोंड उघडलं नाही. पण फोन हातात आला की माझ्यात काय शिरायचं कोण जाणे. खोटं मला लगेच दिसायचं, भातातला खडा दाताखाली यावा तसं. बायका माझ्या ओळीची वाट बघायला लागल्या. 'हिराताईंचं अजून आलं नाही का?' असं विचारायला लागल्या. मला ते आवडायचं. जन्मात पहिल्यांदा माझ्या शब्दाला कुणीतरी थांबत होतं. आणि हळूहळू मी आधी खरं कुठं ते लिहायचंच सोडून दिलं. सरळ खोट्यावर बोट. तुम्ही एकदाही टोकलं नाहीत. का नाही टोकलंत?

एका बाईनं सासूवर लिहिलं होतं, सासू म्हणजे साक्षात देवी. मी लिहिलं, 'ही सासू फोटोतली आहे, घरातली नाही.' ती बाई ग्रुप सोडून गेली. तेव्हा सुलभाताई, ज्या तुमच्याबरोबर ग्रुप सांभाळायच्या, तुम्हाला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आपा, बायकांना घरात कोण गोड बोलतं? इथं तरी बोलू या की. आधार द्यायला ग्रुप काढलाय ना आपण?" तुम्ही म्हणालात, "गोड बोललं की बाई खूश होते आणि उठून कुकर लावते. पुढं लिहीत नाही."

मी तुम्हाला वेगळा फोन केला. म्हटलं, सुलभाताई बरोबर असतील, आपा. ती बाई गेली ती माझ्यामुळे गेली. तुम्ही म्हणालात, "तू तुझं काम कर." हे आपलं भांडण कधी मिटलंच नाही. आधार म्हणजे काय, खरं सांगणं की सोबत बसणं, हे मला तुमच्या तोंडून एकदा नीट ऐकायचं होतं. तुम्ही दर वेळी माझ्यावर काम ढकलून मोकळ्या व्हायचात.

मग तो लेख आला. गौरी-गणपतीच्या आधीचा शनिवार होता. नाव नाही, नेहमीसारखंच. एका बाईला डॉक्टरनं सांगितलंय की आता फार दिवस नाहीत. ती घरी येते, बाल्कनीत बसते, खाडीकडचं आभाळ बघते. तिला शांत वाटतं. ती म्हणते, मी तयार आहे, मरण म्हणजे थकल्यावर माहेरी जाणं. तुळशीला पाणी घालते. सगळ्यांना मनातल्या मनात माफ करते.

मी लिहिलं, 'खोटं. हिला कुणी काही सांगितलेलं नाही. हिनं मरण कुठंतरी वाचलंय. जिला खरंच कळतं ती घरी येऊन माफ करत नाही, भांडते.'

माझ्या मागोमाग तीसएक बायकांनी लिहिलं. खोटं. खोटं. हिराताई बरोबर. एकीनं तर हसरं तोंड टाकलं. त्या हसणाऱ्या तोंडाला तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला.

"हिरा, भांडते म्हणजे कुणाशी गं?"

"कुणाशी पन. नवऱ्याशी, शेजारनीशी, देवाशी."

"तुला कसं माहीत?"

मी माझ्या आईचं सांगितलं. सगळा जन्म तिनं मिठागरात काढला. डॉक्टरनं सांगितल्यावर घरी आली आणि शेजारणीशी कपड्यांच्या दोरीवरून जी जुंपली, ती आख्ख्या आळीनं ऐकली. मग माझ्याकडे वळली, "माज्याकडं काय बघतेस रडक्या तोंडानं? ते बोंबील नीट साफ कर आदी, पोटात घान ठेवतेस." मरेपर्यंत ती रागावलेलीच होती. तुम्ही ऐकून खूप हसलात. हसता हसता ठसका लागला, पाणी प्यायलात. मग म्हणालात, "बरोबर आहे. तिनं तसं लिहायला हवं होतं."

तिनं, म्हणालात. मला वाटलं, ती म्हणजे लेख लिहिणारी कुणीतरी. ती माझ्या कानाशीच बोलत होती.

तुळस बघून तरी ओळखायला हवं होतं असं आता वाटतं. तुमच्या घरी तुळस नव्हती. कुणी ओळखू नये म्हणून तुम्ही ती मुद्दाम घातलीत. म्हणजे लिहितानाच तुम्ही लपत होतात, आणि आम्हाला मात्र सांगायचात, 'दाबू नका, जे आहे ते लिहा.' द्रोणागिरीच्या त्या बाईनं नवऱ्याचा मार लिहिला. मी माझं वर्षाचं होऊन गेलेलं बाळ लिहिलं, जे मी पल्लवीलाही सांगितलं नव्हतं. ते सगळं तुम्ही आमच्याकडून काढून घेतलंत. स्वतःची वेळ आली तेव्हा बाल्कनी आणि आभाळ.

चार महिने तुम्ही दर शनिवारी दोन वाजता आमचंच टाकत राहिलात. एक शनिवार चुकला नाही. मी विचारायचे, आपा, तुमचं कधी? तुम्ही म्हणायचात, माझं काय, मी पोस्टमन.

मी तुमच्या घरी पोचले तेव्हा तुम्हाला नेलं होतं. आतल्या खोलीत बायका कुराण वाचत होत्या. मी दाराशी खाली बसले. नाझनीन पाणी घेऊन आली. मी ग्लास धरला आणि ती तिथंच वाकून हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीच ना हिराताई? आईच्या लेखाला खोटं बोललेल्या?"

मला काही कळेना. कुठला लेख?

"माहेरी जाण्याचा. तो तिचा होता. शेवटी शेवटी तिनं मला दाखवला, तुमच्या ओळीसकट. त्यानंतर तिनं एक अक्षर लिहिलेलं नाही. माहीत आहे तुम्हाला?"

मी ग्लास खाली ठेवला. एका ओळीत साठ बायकांना गप्प करणारी मी, पाणीही न पिता उठले. जिना उतरताना पायात दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला आल्या, तशीच रिक्षात बसून घरी बोनकोड्याला आले.

आता ग्रुप सुलभाताईंकडे आहे. तो लेख तुमचा होता हे नाझनीनकडून कळल्यावर ज्या तीस जणींनी खोटं म्हटलं होतं त्यांनी लिहिलं, 'पुन्हा वाचला, अश्रू थांबेनात.' अक्षर तेच, ओळ तीच, फक्त खाली तुमचं नाव लागलं. आपा, तुम्ही चौथीच्या पोरांचे पेपर नाव झाकून तपासायचात ना? का, ते आता कळलं.

सुलभाताईंचा फोन आला. तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती, आणि एक लहान पुस्तिका छापणार होत्या. पहिला तुमचा तो लेख, मग प्रत्येकीच्या दोन ओळी.

"हिराताई, तुमच्या दोन ओळी हव्यातच. तुम्ही तेव्हा जे लिहिलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे हो. तेवढं मागे घ्या. तुम्हालाच बरं वाटेल."

"लेख बदलला काय, ताई?"

"म्हणजे?"

"तोच हाय ना? मग मी काय मागे घेऊ?"

"अहो, माणूस गेलंय!"

माणूस गेलंय, हे खरं. दोन दुपारी मी नुसती बसून होते. वाटलं, लिहून टाकावं, सुंदर लेख, आपांना नमन. कुणाचं काय जातं? तुम्ही काही बघायला नाही. आणि कदाचित तुम्हाला तशीच शांती हवी असेल, मी कोण ती हिसकावणारी? आधाराचं ते न मिटलेलं भांडण मी दोन्ही बाजूंनी एकटीच भांडत बसले. मग फोन काढला, वर वर सरकवत गणपतीपर्यंत गेले आणि तो लेख तुमच्या नियमाप्रमाणे वाचला. आधी खरं कुठं.

एक ओळ सापडली. आभाळ आणि तुळस यांच्या मध्ये. 'रिपोर्टची पिशवी मी चपलांच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली, कारण ते कपाट या घरात मी सोडून कुणी आवरत नाही.'

ही ओळ कुणी बसून रचत नाही, आपा. ही करणाऱ्या बाईलाच माहीत असते. एवढ्या सगळ्या मलमपट्टीत तुम्ही एक जागा उघडी ठेवली होतीत आणि माझी वाट बघत होतात. मी खोटं पकडायच्या घाईत तिच्यावरून चालत गेले. लेख खोटा आहे यात माझी चूक नाही. ती एक ओळ खरी आहे हे मी सांगितलं नाही, ही माझी चूक. ते सांगितलं असतं तर तुम्ही त्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसला असतात. मला हे पक्कं माहीत आहे आणि ते घेऊनच मला जगायचंय.

मी सुलभाताईंना दोन ओळी पाठवल्या. 'खरं: चपलांचं कपाट. खोटं: बाकी सगळं. आपा जायला तयार नव्हत्या.'

"हे कसं छापू मी?" सुलभाताई जवळजवळ रडल्या. "त्यांच्या मुलीला काय वाटेल?"

"मग माझं नाव काढा."

त्यांनी काढलं. पुस्तिका छापून झाली. हार घातलेला तुमचा फोटो ग्रुपवर आला, तुम्हाला हार कधी चालला असता का हे कुणी विचारलं नाही. सभेला मी गेले नाही. दर शनिवारी आता दोन वाजता लेख येतात, नावासकट. खाली फुलं. द्रोणागिरीची बाई कधीच निघून गेली.

मुलीला काय वाटेल, हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी त्याच दोन ओळी मी नाझनीनला पाठवल्या. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दिवस गेले, तरी नाही. मी समजले, संपलं.

काल दुपारी दार वाजलं. नाझनीन. हातात प्लॅस्टिकची पिशवी. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, होती. वरच्याच कप्प्यात होती."

तिला वाटत होतं, तुमचं दुखणं तुम्हा दोघींना एकदमच कळलं, दिवाळीच्या सुट्टीत. पिशवीतला पहिला कागद बकरी ईदच्या आधीचा होता. "ईदला ही माझ्याबरोबर पनवेलला कपडे घ्यायला आली होती," नाझनीन म्हणाली. "पाच दुकानं फिरवलं मला. हिरवा नको, पोपटी नको. मध्येच खाली बसली. मी विचारलं, दमलीस का? तर काय बोलली माहीत आहे? चप्पल चावतेय!" आणि ती ओरडली. आपा, तुमची ती शहाणी, हळू बोलणारी मुलगी माझ्या ओटीवर उभी राहून एवढ्या मोठ्यानं ओरडली की वरच्या मजल्यावरची भाडेकरीण खाली डोकावली. "चप्पल चावतेय! मला सांगितलं असतं तर मी हिला पाच दुकानं फिरू दिली असती का? कोण समजते ही स्वतःला?"

मी तिला आत घेतलं. मांदेली तळली. ती जेवता जेवता बोलत राहिली. तुम्ही कॅरममध्ये गुपचूप बोटानं सोंगटी सरकवायचात. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत शुद्धलेखन घातलंत. भाजीत मीठ विसरलात की म्हणायचात, डॉक्टरनं कमी सांगितलंय. मी सांगितलं की माझ्या प्रत्येक प्रश्नावर तुम्ही 'तू तुझं काम कर' म्हणून फोन ठेवायचात. ती म्हणाली, "मला पण! मला पण हेच!" मी जन्मात कुणा पाहुण्याशी इतकं बोलले नाही. दोन तास आम्ही दोघींनी मिळून तुम्हाला नावं ठेवली.

निघताना तिनं ती पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली, परत उचलली. म्हणाली, "काकी, तुमच्यावरचा राग माझा गेलेला नाही."

"नको जाऊ दे," मी म्हटलं.

"परत येऊ?"

"ये. आपण दोघींनी तिला बोलायचं अजून पुष्कळ राहिलंय."